माशीच्या खांद्यावरचा रंग

चांगुणाच्या डाव्या दंडावर गोमाशी बसली होती आणि चांगुणा तिला हाकलत नव्हती.

आता गोमाशी काय चीज असते ते ज्याला चावली त्यालाच विचारावं. डास बापडा सुई टोचतो आणि गुणगुणत निघून जातो. गोमाशी कातडी कापते, आणि वर आलेलं रक्त चाटत निवांत बसते, जसं काही पंगतीला बोलावलंय. बैलासारखा बैल तिच्यापायी दावं तोडतो. आणि ही बाई, वय अठ्ठावन्न, दोन गाई, दोन बैल आणि भरल्या घराची मालकीण, गोठ्यात दंड पुढं करून गपगार उभी.

“आत्या, हलू नका हं. अजिबात हलू नका,” ज्योती म्हणाली. ज्योती तिची सून. मोबाईल दोन्ही हातांत धरून, श्वास रोखून ती दंडाच्या पार जवळ आली होती. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर एक छोटं भिंग चिमट्यानं लावलेलं होतं.

“हलत न्हाई गं. पन बिगीबिगी आवर. भवानी जेवायला लागली.”

“थोडं तोंड इकडं करू दे तिला.”

“तिला सांग की! माझं कुठं ऐकती ती.”

ज्योती खुदकन हसली, हात हलला आणि फोटो वाया गेला. दुसरा काढावा लागला, तेवढ्यात माशीनं आणखी दोन घास घेतले. चांगुणाला त्याचं काही वाटलं नाही. पोरगी हसली होती ना, मग आणखी चार माश्या बसल्या असत्या तरी चांगुणानं बसू दिल्या असत्या. कारण ह्या घरात ज्योतीचं हसू पाच महिन्यांनी परत आलं होतं.

काय झालं होतं ते सांगून टाकते, उगाच झाकून काय ठेवायचं. फाल्गुनात ज्योतीला नववा लागला होता. एका सकाळी पोटात दुखायला लागलं, अंगावरून जायला लागलं, आणि भंडारदरा धरणाखालच्या ह्या गावातून गाडी मिळवून दवाखाना गाठेपर्यंत दुपार झाली. पोट चिरून मूल काढलं. मुलगी होती, पण जिवंत नव्हती. ज्योती भुलीत होती. नर्सनं दुपट्यात गुंडाळलेली पोर चांगुणाच्या हातात दिली आणि विचारलं, “आई शुद्धीवर आली की तिला दाखवायचं का?” चांगुणानंच सांगितलं, “नका दाखवू.” जे डोळ्यांनी बघितलं नाही ते माणूस लवकर विसरतं, असं तिला वाटलं. मग तिचा नवरा रामहरी आणि मुलगा रविराज, दोघं बापलेक ते दुपटं घेऊन गावाकडं गेले. ज्योतीनं डोळे उघडले तेव्हा सगळं उरकलं होतं.

त्यानंतर ज्योती बोलायची थांबली. भांडत नव्हती, रडत नव्हती, कामाला नाही म्हणत नव्हती. “व्हय” आणि “न्हाई”, एवढ्या दोन शब्दांवर तिचा दिवस निघायचा. रविराज धरणावरच्या हॉटेलात स्वयंपाकी, आठवड्यातून एकदा घरी यायचा, बायकोशेजारी बसायचा आणि तसाच उठायचा. घरात त्या दिवसाचं नाव कुणी काढत नव्हतं. आपण पोरीला जपतोय, असं सगळ्यांना वाटत होतं. जपणं कसलं! चांगुणाला पहाटे जाग आली की कळायचं, आपण पोरीची काहीतरी चोरी केलीय. पण काय चोरलं आणि आता ते परत कसं करायचं, हे तिला उमगत नव्हतं.

आणि मग आषाढात ही गोमाशी आली.

गाईच्या कासेजवळ रक्ताचे ओघळ दिसले. ज्योतीनं माशीचा फोटो काढला आणि किड्यामुंग्यांचे फोटो टाकणाऱ्या हौशी लोकांच्या एका गटावर पाठवला. ती बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र शिकलेली, कॉलेजातल्या मैत्रिणीनं तिला कधीतरी त्या गटात घेतलं होतं. तिथं भिंगारचे बोरुडे सर होते, गोरक्षनाथ बोरुडे. निवृत्त प्राध्यापक, माश्यांतले जाणकार. त्यांचं उत्तर आलं ते असं: “ही गोमाशी आहे, हे गाईलाही कळलेलं आहे. कोणती गोमाशी, ते सांगायला मला डोळे दिसले पाहिजेत. जिवंत माशीचे पाठवा. मेल्यावर डोळ्यांतले रंगाचे पट्टे जातात.”

ज्योती मोबाईल घेऊन ओट्यावर आली. चांगुणा तांदूळ निवडत होती.

“आत्या, गाय धरता का जरा?”

चांगुणाच्या मांडीवरचं सूप खाली गेलं आणि तांदूळ भुईवर पसरले. चार महिन्यांत पोरगी पहिल्यांदा आपणहून बोलली होती. “धरते की! दोनी धरते! बैल बी धरते!” असं म्हणत ती अनवाणीच गोठ्याकडं पळाली.

तेव्हापासून हा उद्योग सुरू झाला. गाई शेपट्या हलवायच्या आणि माशी उडायची, म्हणून चांगुणानं आपला दंड पुढं केला. ज्योती आधी नको नको म्हणाली. “चावू दे गं, मी काय लोन्याची हाय का,” म्हणत चांगुणानं तिला गप्प केलं. कडुलिंबाच्या पाल्याचा लगदा चाव्यावर लावला की दुसऱ्या दिवशी दंड पुन्हा तयार.

आणि शिकायलाही काय कमी मिळालं! माशीच्या दोन डोळ्यांत फट असली की ती मादी, आणि डोळे एकमेकांना चिकटलेले असले की नर. एकीच्या डोळ्यांत हिरव्यावर जांभळे आडवे पट्टे, दुसरीच्या डोळ्यांत नागमोडी रेघा, तिसरीचे डोळे साधेच पण पंखांवर राखाडी शिंतोडे. बोरुडे सर फोटो बघून कधी ठामपणे बोलायचे नाहीत. “बहुधा.” “मिशांचा फोटो नाही, त्यामुळे सांगत नाही.” “पंख मिटलेला आहे, परत काढा.” चांगुणाला आधी त्या माणसाचा राग यायचा. एवढं रक्त पाजून काढलेला फोटो, आणि म्हणे बहुधा! पण पुढं पुढं तिलाही चटक लागली. “ज्योती, हिच्या मिशा घेतल्यास का? न्हाई तर तो मास्तर परत बोलल,” असं ती स्वतःच आठवण करायची.

एकदा ज्योती म्हणाली, “आत्या, नर माशी रक्त पीत नाही. फुलातला रस पिते फक्त. रक्त मादीलाच लागतं.”

“बाप्यांचं बरं हाय सगळीकडं. आन मादीला का गं?”

“अंडी धरायला. पोटातल्या पिल्लांसाठी.”

दंडावरची माशी उडाली तरी चांगुणानं हात खाली घेतला नाही. मग ज्योतीनंच तो हलकेच खाली केला आणि त्यावर पाला लावला.

श्रावण संपता संपता पोळा आला. पोळ्याला ह्या घरात दुकानाचा रंग बैलाला लागत नाही. ऑइलपेंटनं कातडी खाजते, म्हणून चांगुणा सासूकडून शिकलेला रंग स्वतः करते. कुटलेला गेरू, त्यात चिमूटभर शेंदूर, बाभळीच्या डिंकाचं पाणी, आणि शोभेला राजूरच्या बाजारातली सोनेरी पूड. त्या रंगानं तिनं दोन्ही बैल रंगवले, पाखऱ्याच्या पांढऱ्या अंगावर पंजे उठवले, वशिंडावर आणि खांद्यावर ठिपके दिले. पाखऱ्या मिरवून आला, पुरणपोळी खाऊन बसला, आणि सण झाला.

पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी ज्योती गोठ्यातून ओरडली, “आत्या! लवकर या!”

पाखऱ्याच्या मानेच्या वळीत एक गोमाशी बसली होती. काळसर अंग, पण खांद्यांवर, पंख सुरू होतात तिथं, दोन्ही बाजूंना एकेक नारिंगी ठिपका. ज्योतीनं धडाधड फोटो काढले. वरून, बाजूनं, तोंडाचे. दोन दिवसांनी तसलीच दुसरी दिसली. तिच्याही खांद्यांवर नारिंगी.

बोरुडे सरांचं उत्तर दर वेळी तासाभरात यायचं. ह्या वेळी एक दिवस गेला. मग त्यांचा थेट फोनच आला. “ज्योती, मी तीस वर्षांत अशी पाहिलेली नाही. माझ्याकडच्या यादीत नाही, पुस्तकात नाही. एक असती तर मी सोडून दिलं असतं. पण दोन आहेत. घाई करू नका, मीही करत नाही. रविवारी मी स्वतः जाळी घेऊन येतो. नवीन निघाली तर नाव काय द्यायचं त्याचाही विचार करून ठेवा, सुचवायचा मान तुमचा.”

त्या दिवसापासून ज्योतीचं काय झालं म्हणता! जेवताना दुसरी भाकरी मागून घेतली. माहेरी फोन करून अर्धा तास बोलली. दूध घालायला जाताना शेजारणीशी थट्टा केली. गावात बातमी पसरायला वेळ लागतो का? डेअरीवर लोक विचारू लागले, “काय चांगुणावहिनी, सुनेची माशी पेपरात येनार म्हनं?” रविराज आठवड्याच्या मध्यातच सुट्टी काढून आला आणि बायकोसाठी गोड शेवखंडाची पुडी घेऊन आला. रात्री जेवायला बसले तेव्हा ज्योती त्याला पंखांच्या शिरा समजावून सांगत होती, आणि तो खुळ्यासारखा तिच्या तोंडाकडं बघत होता. शिरा त्याच्या बापाला कळल्या असतील तर शपथ. पण बायको बोलत होती, त्याला तेवढं पुरे होतं.

शुक्रवारी दुपारी ज्योती ओट्यावर चांगुणाजवळ येऊन बसली. “आत्या, तुम्ही फोटो मोठा करून बघितलाच नाहीत. हे बघा डोळे.” तिनं दोन बोटांनी चित्र ताणलं. “हे हिरवं, हा पट्टा. किती सुंदर आहे ना?”

“व्हय गं. रेशमावानी हाय.”

“आणि हे बघा खांदे.”

चांगुणानं खांदे बघितले, आणि मोबाईल डोळ्यांजवळ ओढला.

नारिंगी रंगाला कडेनं बारीक भेगा गेल्या होत्या, जशा डिंक वाळल्यावर जातात. मध्ये दोनतीन कण चकचकत होते. हा रंग तिनं पस्तीस वर्षं आपल्या बोटांनी कालवला होता. स्वतःच्या हातची भाकरी माणूस ओळखतं, तसा तिनं तो ओळखला. पोळ्यानंतर भुरभुर लागून राहिली होती. दमट हवेत डिंक पुन्हा चिकट झाला, खांद्यावरचा रंग मानेकडं ओघळला, माशी मानेच्या वळीत शिरली, पाखऱ्यानं कातडी थरथरवली, आणि दोन्ही खांद्यांना रंग लागला. एवढंच होतं ते. नवीन माशी नव्हतीच.

“आत्या? काय झालं?”

“काई न्हाई. डोळं चुरचुरत्यात मोबाईलनं,” चांगुणा म्हणाली आणि उठली.

ती सरळ गोठ्यात गेली. पाखऱ्याच्या मानेच्या वळीत रंगाचा एक ओशट पट्टा अजून होता. तिनं ओलं बोट फिरवलं. बोटाला नारिंगी लागलं, आणि त्यात सोनेरी चमक होती. ती तिथंच शेणाच्या पाटीवर बसली.

रामहरी वैरण घेऊन आला तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. तो तसा कमी बोलणारा माणूस. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “गप बस. कशापायी सांगती? परवा त्यो मास्तर यील, बघंल, त्याचं त्याला कळंल.”

“आन चार मान्सांत पोरीचं तोंड उतरंल ते?”

“आपल्या तोंडून तर न्हाई ना उतरनार.”

“अवो, आपल्या तोंडून!” चांगुणा भडकली. “फागनात बी आपन गपच बसलो. तिच्या भल्यासाठी म्हनून बसलो. काय भलं झालं? पोरगी मुकी झाली. मी नर्सला न्हाई म्हनले, त्ये अजून माझ्या गळ्यात अडाकलंय. आता परत तिच्यापासून दडवू?”

“सांगितलंस आन परत मुकी झाली तर?”

तीच तर चांगुणालाही भीती होती. गेले दोन महिने ह्या घरात जे काही उजेडाचं होतं ते त्या माश्यांवर उभं होतं, आणि आता तिनंच त्याखालची वीट काढायची. सबंध संध्याकाळ ती ज्योतीकडं बघत राहिली. ज्योती चुलीपुढं काहीतरी गुणगुणत होती.

शनिवारी दुपारी रविराज धरणावर परत गेला. तो गेला तसं चांगुणानं फडताळातून पोळ्याच्या उरलेल्या रंगाची वाटी काढली. तळाला वाळून पापुद्रा धरलेला. ती ज्योतीपुढं बसली आणि वाटी मोबाईलशेजारी ठेवली.

“पोरी, मला शिव्या दे, पन आदी बघ. त्या भिंगातनं बघ.”

ज्योतीनं आधी वाटीकडं बघितलं, मग चांगुणाकडं. काही न विचारता तिनं भिंग लावलेला मोबाईल वाटीवर धरला. त्याच भेगा. तेच सोनेरी कण. तिनं माशीचा फोटो उघडला, परत वाटीचा, परत माशीचा. असं चारपाच वेळा झालं. मग तिनं मोबाईल पालथा ठेवला.

“तुम्हाला कधी कळलं?”

“काल. तू दावलंस तवा.”

ज्योती उठली, आतल्या खोलीत गेली आणि भिंतीकडं तोंड करून पडली.

झालं! हीच पाठ चांगुणानं उन्हाळाभर बघितली होती. ती उंबऱ्यावर बसून राहिली. आत जावं तर काय बोलावं, आणि न जावं तर जीव राहत नव्हता. ‘बाई गं, एक अक्षर बोल,’ ती मनात म्हणत होती, ‘मला टाकून बोल, माझ्या म्हातारपनाला बोल, पन बोल.’

अर्ध्या तासानं आतून खुडखुड आवाज आला. ज्योती उठून बसली होती आणि मोबाईलवर काहीतरी लिहीत होती. लिहून झाल्यावर तिनं डोळे पुसले. पाच मिनिटांत फोन वाजला. ज्योतीनं तो मोठ्या आवाजावर लावला, आणि उंबऱ्याकडं बघून नुसती मान हलवली. चांगुणा आत सरकली.

“पोळ्याचा रंग!” बोरुडे सरांचा आवाज खोलीत घुमला. मग ते एवढं हसले की त्यांना खोकला लागला. “अहो, मी शेतकऱ्याचा मुलगा. लहानपणी ह्या हातांनी बैल रंगवलेत. आणि तीस वर्षं भिंगारात बसून पोळाच विसरलो! चूक माझी आहे, तुमची नाही. तो ठिपका बोटानं झाकून बघितला मी आत्ता. तुम्ही आषाढात पहिल्यांदा पाठवली होती ना, तीच ही. अगदी नेहमीची.”

“मीही मघाशी झाकून बघितला. तीच वाटली,” ज्योती म्हणाली. तिचा आवाज ओला होता, पण होता.

“रंग ओळखला कुणी?”

“आमच्या आत्यांनी.”

“भिंग नसताना?”

“हो.”

“मग त्यांना माझा नमस्कार सांगा. फोटोवरून ओळखणं ह्याला म्हणतात. आणि रविवारचं काही रद्द नाही बरं का. नव्या माशीसाठी येणार होतो, आता जुन्यांसाठी येतो. त्या नागमोडी रेघांच्या डोळ्यांची माशी अजून मला नीट ओळखता आलेली नाही.”

फोन ठेवला. चांगुणाला वाटलं, सुटले. पण ज्योती उठली, तोंड धुतलं, आणि धारेची वेळ झाली तशी चरवी घेऊन गोठ्यात गेली. चांगुणा मागोमाग गेली, कासेखाली बसली. ज्योती गाईच्या गळ्याला खाजवत उभी राहिली. दोन धारा चरवीत वाजल्या असतील नसतील, ज्योती म्हणाली, “मी तिचं नाव ठरवून ठेवलं होतं.”

“कुनाचं?”

“माशीचं. केतकी.”

चांगुणाचे हात थांबले. “केतकी? रगत पिनाऱ्या माशीला? अगं, असं गोड नाव पोरीबाळींना देत्यात, गोमाशीला कुनी देतं व्हय? खुळी का काय तू!”

“पोरीचंच आहे ते,” ज्योती म्हणाली. “माझ्या पोरीचं. सातव्या महिन्यातच ठरवलं होतं मी. मुलगी झाली तर केतकी. कुणाला सांगितलं नव्हतं. मग तिला हाक मारायला ती राहिलीच नाही. मला वाटलं, निदान पुस्तकात कुठंतरी तिचं नाव राहील. कसल्याही का माशीला असेना.”

गाईनं मागं वळून बघितलं.

“केतकी,” चांगुणा हळू म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, नीट, बाजारातून हाक मारावी तशी, “केतकी.” आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “माझ्या नातीचं नाव मला आज कळतंय गं बाई.”

ज्योती तिच्यासमोर उकिडवी बसली. “आत्या, तुम्ही बघितलंय तिला. तुम्ही एकट्यांनीच नीट बघितलंय. आज तुम्ही रंगाचं खरं सांगितलंत. मग तेही सांगा ना. कशी होती ती?”

“मी तुला दावायला पायजे हुती, ज्योती. माझं चुकलं. मीच नको म्हनले.”

“माहीत आहे मला. नर्सनं सांगितलं होतं. म्हणूनच मी वाट बघत होते, तुम्ही कधी सांगताय त्याची.”

चांगुणानं पदर डोळ्यांना लावला आणि काढला. सहा महिने झाले होते, पण तिला काही आठवावं लागलं नाही.

“केस लई हुते,” ती म्हणाली. “काळेभोर. मानंपोतर.”

“कपाळ?”

“तुझं. हे असं, मोठं.”

“नाक?”

“रविराजचं. बसकं. खरं सांगू, मला बघून हसूच आलं हुतं. आन असल्या येळंला हसू आलं म्हनून मी सवताला लई शिव्या घातल्या.”

ज्योती हसली. हसता हसता रडायला लागली, आणि थांबली नाही, पण विचारत राहिली. “डोळे?”

“मिटल्याले. पापन्या लांब हुत्या. उजव्या कानाची पाळी जरा दुमडल्याली, सासऱ्यावानी तुझ्या.”

“बोटं?”

“लांब. नखं बी आल्याली. मूठ मिटल्याली हुती. मी तिच्यात माझं बोट घातलं.” चांगुणा थांबली. “धरल्यावानी वाटलं. धरलं नव्हतं, मला म्हाईत हाय. पन मी लई येळ बोट काढलं न्हाई. नर्स दोनदा आली तरी काढलं न्हाई.”

ज्योतीनं चांगुणाचं ते बोट दोन्ही हातांत घेतलं, आणि सासूच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. चांगुणा तिच्या केसांवरून दुधाचा हात फिरवत राहिली.

दारात गवताचा भारा धपकन पडला. रामहरी उभा होता. कधीपासून उभा होता कोण जाणे. “कुनाचं चाललंय?” त्यानं विचारलं, पण त्याच्या तोंडावरून कळत होतं की त्याला ठाऊक आहे.

“केतकीचं,” चांगुणा म्हणाली. “तुमच्या नातीचं.”

रामहरीनं डोक्यावरची टोपी काढली, हातात फिरवली आणि परत घातली. तो ज्योतीकडं बघत नव्हता, भुईकडं बघत होता.

“वरच्या बांधाला, जांभळीच्या बुडाला ठिवलंय तिला,” तो म्हणाला. “चपटा दगुड लावलाय. दुसऱ्या कुनाला कळायचा न्हाई. मी रोज जातो. गवताला म्हनून जातो.”

छत्तीस वर्षं संसार करूनही चांगुणाला हे ओळखता आलं नव्हतं. दारातच वैरण असताना हा माणूस रोज वरच्या बांधाला कशाला तंगड्या तोडतो, म्हणून तिनं त्याला उन्हाळाभर बोलून घेतलं होतं.

ज्योती उठून उभी राहिली.

“अजून उजेड हाय,” रामहरी म्हणाला. “येतीस का, पोरी?”

ज्योतीनं चपला घातल्या. चांगुणानं धार अर्धीच सोडली, वासरू मोकळं करून गाईला लावलं, आणि पदराला हात पुसत त्या दोघांच्या मागं निघाली.